एकाच डिस्कवरचे दोन गॉडझिला (इयत्ता नववीसाठी दोन तास)

सहा ऑगस्ट आला की आपण कागदी बगळे करतो, दोन मुलं पाठ केलेलं भाषण म्हणतात आणि हिरोशिमा दिन संपतो. मागच्या वर्षी डोंबिवलीतल्या माझ्या वर्गात मी त्याऐवजी 'गॉडझिला' लावला. मुलं आधी खूप हसली. रबरी सूट घातलेला माणूस खेळण्यातली घरं तुडवतोय, हसणारच! हसू द्या. त्याची डरकाळी डबल बास वाद्याच्या तारांवर चामडी हातमोजा ओढून काढली होती, हे सांगितलं की मुलं कान टवकारतात.

मूळ जपानी चित्रपट 'गोजिरा', दिग्दर्शक इशिरो होंडा, प्रदर्शन ३ नोव्हेंबर १९५४. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती. दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली. बोटीवरचे २३ही जण आजारी पडले आणि सप्टेंबरमध्ये त्यांचा रेडिओ ऑपरेटर वारला. आता चित्रपटाची सुरुवात बघा: बोट, निवांत बसलेले खलाशी, अचानक डोळे दिपवणारा प्रकाश. थिएटरमधल्या जपानी माणसाला काही समजावून सांगावं लागलं नसेल.

१९५६मध्ये अमेरिकेत याचीच दुसरी आवृत्ती निघाली. रेमंड बर नावाच्या नटाला पत्रकार म्हणून मध्ये घातलं आणि बरीच दृश्यं कापली. क्रायटेरियन कंपनीने २०१२मध्ये काढलेल्या डिस्कवर या दोन्ही आवृत्त्या आहेत, म्हणून हा पाठ जमतो. (डिस्क अमेरिकेच्या रीजनची आहे, आपल्या साध्या प्लेअरवर बहुधा चालणार नाही. माझ्या मावसभावाने आणून दिलेली डीव्हीडी मी लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन बदलून लावली. तो मोजक्याच वेळा बदलता येतो, जपून!)

पहिल्या तासाला दोन्हींची फक्त पहिली दहा मिनिटं दाखवा. काही बोलू नका, वहीत फरक लिहू द्या. दुसऱ्या तासाला कापलेली दोन दृश्यं लावा. एकात आगगाडीतली बाई म्हणते, नागासाकीतून मी कशीबशी वाचले. दुसरं संसदेतलं. हा प्राणी बॉम्बमुळे आलाय हे लोकांना सांगायचं की नाही, यावर तिथे भांडण जुंपतं. लोक घाबरतील, सांगू नका, असं काही जण म्हणतात. महिला सदस्य उभ्या राहून ओरडतात, खरं सांगा!

एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे त्यांनी राक्षस ठेवला आणि बॉम्ब काढून टाकला." तर तसं नाही. अमेरिकन आवृत्तीतही हायड्रोजन बॉम्बचा उल्लेख आहे. गेलं ते सामान्य माणसांचं बोलणं. हा फरक मुलांना नीट दाखवा, नाहीतर जपानी चांगले, अमेरिकन वाईट एवढंच घेऊन ती घरी जातील. शिवाय गॉडझिला जगभर पोहोचला तो बऱ्याच अंशी त्या कापलेल्या आवृत्तीमुळेच.

संसदेच्या दृश्याला मात्र वर्ग एकदम गप्प झाला. आपल्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ला स्फोट झाला तेव्हा ही मुलं लहान होती, पण २३ मे २०२४चा त्यांना चांगला आठवतो. त्या दुपारी खिडक्यांच्या काचा फुटल्या, काळा धूर दिसला, आणि हवेत नक्की काय आहे हे घरात कोणालाच सांगता येईना. "आमच्या बिल्डिंगमध्ये पण अस्संच भांडण झालेलं," मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

मग गृहपाठ दिला: घराजवळच्या एका कारखान्यात काय बनतं आणि त्यासाठी काय साठवतात, घरी विचारून लिहून आणा. बहुतेक वह्यांत 'माहीत नाही' असंच आलं. एका मुलीचे बाबा तिथेच पाळीवर जातात. तिने पानभर यादी आणली होती आणि खाली बाबांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, सर, कंपनीचं नाव वर्गात घेऊ नका.