बागायती गव्हाची वरखते : एका एकराचा हिशेब

गहू गुडघाभर वाढून काळाभोर दिसू लागला की शेतकरी संतुष्ट होतो. परंतु पानांचा हिरवेपणा म्हणजे दाणे नव्हेत. हिरवेपणा नत्राने येतो आणि युरिया म्हणजे केवळ नत्र होय. २०१० साली स्फुरद व पालाशयुक्त खतांच्या किमती नियंत्रणमुक्त झाल्या, युरियाची मात्र नियंत्रित राहिली. त्यामुळे स्वस्त युरियाकडे ओढा वाढावा हे स्वाभाविक आहे. तथापि जे अन्नद्रव्य सर्वांत अपुरे, त्याच्याच मानाने पीक येते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद अडकून पडते. तेथे नुसता युरिया वाढविल्यास फुटवे व मुळे जोमदार होत नाहीत. पीक लुसलुशीत होते, माव्यास बळी पडते आणि ओंब्या भरताना वारा सुटला की लोळते. दोन एकरांच्या धन्याचे वर्षच त्यात जाते.

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावे, अशी शिफारस आहे. एकरी हे प्रमाण ४८, २४ व १६ किलो पडते. युरियात शेकडा ४६ नत्र, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये शेकडा १६ स्फुरद व म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये शेकडा ६० पालाश असते. म्हणून एकरी ५० किलोची तीन पोती सुपर फॉस्फेट, सुमारे २७ किलो पोटॅश व १०४ किलो युरिया लागतो. युरियाचे पोते आता ४५ किलोचे असते, हे विसरू नये. सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळते, हा लाभ वेगळाच.

स्फुरद जमिनीत फारसे हालत नाही. वर फेकलेले खत मुळांपर्यंत पोचत नाही. म्हणून सर्व सुपर फॉस्फेट, सर्व पोटॅश व निम्मा युरिया पेरणीच्या वेळी दोन चाड्याच्या पाभरीने बियाखाली सुमारे पाच सेंटिमीटर पडेल असा द्यावा. बियास खत लागू देऊ नये. उरलेला युरिया तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पाण्याच्या पाळीबरोबर द्यावा.

वरील मात्रा सर्वसाधारण आहेत. जमिनीत पालाश भरपूर निघाल्यास तेवढा खर्च वाचतो. त्यासाठी माती तपासावी. गावपातळीवरील कार्यकर्त्याने नमुना स्वतः उभे राहून घेववावा. बांध, झाडाची सावली व उकिरड्याची जागा टाळून, नागमोडी चालत, वीस सेंटिमीटर खोल खड्ड्यांच्या कडेची माती घ्यावी. ती एकत्र करून सावलीत वाळवावी, अर्धा किलो ठेवावी आणि गट क्रमांक व मागील पीक लिहिलेली चिठ्ठी पिशवीत घालावी.