दारिद्र्य आणि शाळेची वाट

शाळेची घंटा होते. प्रार्थना संपते. मुले आपापल्या जागी बसतात आणि गुरुजी हजेरीचे पुस्तक उघडतात. एकामागून एक नावे वाचली जातात. मध्येच एका नावास उत्तर येत नाही. गुरुजी क्षणभर थांबतात, तेच नाव पुन्हा उच्चारतात आणि अखेर त्यापुढे गैरहजेरीची खूण करतात. दुसऱ्या दिवशीही तसेच घडते. आठवडा जातो, महिना जातो. हळूहळू त्या मुलाची जागा दुसरा कोणी घेतो आणि वर्गास त्याचा विसर पडतो.

तो मुलगा कोठे गेला? तो आजारी नाही, उनाडही नाही. कदाचित तो माळावर दुसऱ्याची गुरे राखीत असेल. कदाचित एखाद्या उपाहारगृहात कपबश्या विसळीत असेल. ती मुलगी असेल तर आई मजुरीस गेल्यामुळे धाकट्या भावंडास कडेवर घेऊन ती दाराशी बसली असेल आणि शाळेतून घरी परतणाऱ्या मैत्रिणींकडे पाहत असेल. शाळा तिच्या घरापासून चार पावलांवर असते. तथापि ती चार पावले तिला चालता येत नाहीत.

हे दुःख आजचे नाही. १८८२ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी हंटर आयोग नेमला होता. त्या आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी एक निवेदन सादर केले. शेतकऱ्यांची मुले शाळेत का टिकत नाहीत, याचे कारण त्यांनी त्यात स्पष्ट शब्दांत सांगितले. आईबापांस विद्येचे महत्त्व कळत नाही एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. घरी अतिशय दारिद्र्य असते आणि गुरे राखावयास व शेताकडे लक्ष द्यावयास मुलांचे हात लागतात, म्हणून ती शाळेपासून दूर राहतात, असे त्यांनी नमूद केले. जी थोडी मुले शाळेत येतात, तीही पोटापाण्याचा लहानसहान उद्योग मिळताच शाळा सोडतात, हेही त्यांनी दाखवून दिले. म्हणून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, आणि जी मुले मागे पडली आहेत त्यांस शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन शाळेत टिकवावे, अशी त्यांची मागणी होती. सक्ती आणि साहाय्य या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

साहाय्याची आवश्यकता का असते, हे समजून घेतले पाहिजे. पुष्कळांस वाटते, शाळेस फी नाही, मग गरिबाने मुलास शाळेत का पाठवू नये? परंतु फी नसली म्हणून शिक्षण फुकट होते असे नाही. वही, पेन्सिल, चप्पल, लांबच्या गावी जाणाऱ्या गाडीचे भाडे या गोष्टींस पैसा लागतोच. शिवाय एक खर्च डोळ्यांस दिसत नाही. मूल दिवसभर शाळेत बसले म्हणजे त्याच्या हातून होणारे काम बंद पडते. ज्या घरी रोजच्या मजुरीवर रोजची चूल पेटते, तेथे मुलाने आणलेले थोडे पैसे किंवा त्याने सांभाळलेले लहान भावंड यांचे मोल फार असते. मुलास शाळेतून काढणाऱ्या बापास मुलाविषयी प्रेम नसते असे समजणे अन्यायाचे होईल. आजची भाकरी आणि दहा वर्षांनी मिळणारे विद्येचे फळ यांतून एकच निवडण्याची पाळी त्याच्यावर आलेली असते, आणि भूक दहा वर्षे थांबत नाही.

जे मूल कसेबसे शाळेत येते, त्याचाही मार्ग सुखाचा नसतो. सकाळी काही न खाता आलेल्या मुलाचे लक्ष दोन घटकांतच उडते. फळ्यावरील अक्षरे त्यास दिसतात, परंतु मनात शिरत नाहीत. घरी अभ्यासास निवांत जागा नसते आणि काही अडले तर सांगावयास शिकलेले माणूस नसते. परीक्षेत गुण कमी पडले की लोक त्यास 'ढ' म्हणू लागतात आणि काही दिवसांनी त्यासही ते खरे वाटू लागते. वस्तुतः त्याची बुद्धी कमी नसते. तिला मिळणारा अवसर कमी असतो.

महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचे उदाहरण घ्या. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील कोरडवाहू भागांतून हजारो कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या मुलखात जातात. नवरा-बायकोच्या जोडीस तेथे 'एक कोयता' असे म्हणतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी सारा गळीत हंगाम उसाच्या फडात घालवावा लागतो. घरी सांभाळणारी आजी असेल तर मुले गावी राहतात. नसेल तर ती आईबापांबरोबर निघतात. पाचटाच्या कोपीत राहावयाचे, पाणी भरावयाचे, धाकट्यास खेळवावयाचे, आई उसाची मोळी बांधीत असता तिच्या हाताखाली काम करावयाचे, असा त्यांचा दिनक्रम असतो.

शाळेचे वर्ष जून महिन्यात सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडी संपते. ऊसतोडीचा हंगाम नेमका त्याच वर्षाच्या मधोमध येतो. समजा, सहावीतील एक मुलगी दिवाळीनंतर फडावर गेली. तिच्या मागे वर्गात अपूर्णांकांची बेरीज शिकविली गेली, मग गुणाकार, मग दशांश. ती परत आली तेव्हा वर्ग शेकडेवारीची उदाहरणे सोडवीत होता. अपूर्णांकच येत नसतील तर शेकडेवारी कशी येणार? पुढील वर्षीही तेच झाले. भिंतीच्या खालच्या थरांतील विटा निखळल्या म्हणजे वरची भिंत उभी राहत नाही. तसेच हे आहे. एके दिवशी ती मुलगी म्हणते, "मला शाळा आवडत नाही." परंतु ते तिचे खरे म्हणणे नसते. ज्या वर्गात काहीच कळत नाही, तेथे मान खाली घालून बसणे तिला नकोसे झालेले असते.

मग यावर उपाय काय? हा प्रश्न या देशातील थोर पुरुषांनी फार पूर्वीच हाती घेतला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात अशाच स्वरूपाचे विधेयक मांडले. परंतु ते पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. केवळ हुकूम काढून मुले शिकणार नाहीत, त्यांस राहावयास छप्पर आणि खावयास अन्न पाहिजे, हे महाराज जाणून होते. म्हणूनच १९०१ सालापासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली होती.

हेच सूत्र पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हाती घेतले. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह चालू केले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव दिले. संस्थेजवळ पैसा नव्हता. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने एक एक करून मोडले, आणि अखेर गळ्यातील मंगळसूत्रही त्यांनी त्याच कामी दिले. त्या काळी एका गृहिणीने असे करणे म्हणजे केवढा त्याग होता, याची कल्पना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारल्यास येईल.

तथापि भाऊरावांस मुलांनी दानावर जगावे असे वाटत नव्हते. 'कमवा आणि शिका' हा मंत्र त्यांनी दिला. विद्यार्थी शेतात खपत, जमीन खणीत, बांधकामास दगडमाती वाहत आणि उरलेल्या वेळात मन लावून अभ्यास करीत. १९४० साली साताऱ्यात निघालेले महाराजा सयाजीराव विद्यालय याच तत्त्वावर चालले. या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील पुढे विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी काम पाहिले.

येथे कोणी विचारील, मुलांनी काम करणे वाईट असे एकीकडे म्हणावयाचे आणि दुसरीकडे या योजनेची स्तुती करावयाची, हे कसे? दोहोंतील भेद सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे. जे काम मुलास शाळेतून ओढून नेते, त्याचे बालपण खाते आणि त्यास जन्मभर तेथेच जखडून ठेवते, ते काम त्याज्य होय. वसतिगृहातील काम शाळेसाठी होते; ते संपताच पुस्तक हाती येत असे. असे असूनही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सुखवस्तू घरातील मूल ज्या वेळी खेळत असे, त्या वेळी हा विद्यार्थी कुदळ चालवीत असे. ज्या समाजात शिकण्यासाठी मुलास कुदळ हाती घ्यावी लागणार नाही, तो समाज अधिक न्यायी होय, यात संशय नाही.

स्वातंत्र्यानंतर देशाने या दिशेने काही पावले टाकली. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचा प्रयत्न करावा, असे राज्यास सांगितले. ते दहा वर्षांत साधले नाही. २००२ साली घटनेत दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यासाठीचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. दुसऱ्या गावाहून आलेल्या मुलाजवळ आधीच्या शाळेचा दाखला नाही, एवढ्या कारणावरून या कायद्यानुसार त्यास प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे.

शाळेतील भोजनाची देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पहिली ते पाचवीच्या मुलास दर दिवशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, असे त्याचे प्रमाण पुढे ठरले. खिचडीचे ते ताट पाहून कोणी हसू नये. कित्येक मुलांच्या दिवसातील ते पहिलेच अन्न असते. ऊसतोड मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, आणि आईबाप परत येईपर्यंत मुलांस गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहेही झाली.

एवढ्याने काम संपले असे मात्र नाही. कायदा शाळेचे दार उघडतो. दारापर्यंत येण्याचे बळ मुलाच्या अंगी आणावे लागते. आईबापांस गावातच पुरेशी मजुरी मिळाली, लहान भावंडांसाठी पाळणाघर असले, शेतीस पाणी असले, तर कितीतरी हात आपोआप पाटी-पुस्तकाकडे वळतील. शाळेचा प्रश्न शाळेच्या भिंतींच्या आत सुटत नाही, तो असा.

आणि वर्गातील मुलांचे काय? फडावरून परत आलेली मुलगी एके दिवशी पुन्हा वर्गाच्या दारात उभी राहते. तिचे केस रापलेले असतात, हातावर उसाच्या पानांचे ओरखडे असतात. आत यावे की न यावे, असा विचार ती करीत असते. अशा वेळी कोणी हसले तर ती मागे फिरेल. कोणी बाकावर सरकून जागा करून दिली आणि चार महिन्यांची वही तिच्यापुढे ठेवली, तर ती बसेल. दुसऱ्या दिवशी गुरुजी हजेरी घेताना तिचे नाव उच्चारतील, आणि या वेळी उत्तर येईल.

स्वाध्याय

१. शेतकऱ्यांची मुले शाळेत टिकत नाहीत, याची कोणती कारणे महात्मा फुले यांनी सांगितली?

२. 'फी नसली म्हणून शिक्षण फुकट होते असे नाही.' हे विधान उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

३. फडावर जाणाऱ्या मुलीस शेकडेवारी समजणे कठीण का होते?

४. शाळेतून ओढून नेणारे काम आणि 'कमवा आणि शिका' योजनेतील काम यांत कोणता भेद आहे? त्याविषयी तुम्हांस काय वाटते?

५. पुढील शब्द वाक्यांत योजा : त्याज्य, दिनक्रम, सुखवस्तू, तरतूद, अवसर.

६. तुमच्या वर्गातील एखादे मूल बरेच दिवस शाळेत आले नसेल, तर त्यास एक पत्र लिहा. वर्गात काय शिकविले गेले ते त्यास कळवा.