दारातील जुनी मोटार

प्रस्तावना

पुष्कळ घरांत एखादी जुनी वस्तू जपून ठेवलेली असते. पितळी बंब, शिवणयंत्र, मोठ्या पेटीसारखा रेडिओ. ती वापरात नसते, तरी टाकून देण्यास मन धजावत नाही. अशा वस्तूकडे नीट पाहिले, तर तिच्यात त्या घराचा आणि कित्येकदा देशाचाही इतिहास वाचता येतो. एके काळी मध्यमवर्गीय कुटुंबाचे भूषण असलेल्या आणि आज रस्त्यावर क्वचितच दृष्टीस पडणाऱ्या मोटारींविषयीचा हा माहितीपर लेख आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• भारतातील कौटुंबिक मोटारींच्या वाटचालीचे मुख्य टप्पे सांगता येतील.
• जुन्या मोटारी रस्त्यावरून नाहीशा होण्याची कारणे स्पष्ट करता येतील.
• जुनी वस्तू जपावी की मोडीत काढावी, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडता येतील.
• व्यवहारात रूढ झालेल्या शब्दांचा अर्थ संदर्भावरून ओळखता येईल.

मूळ पाठ

१. इंदिरानगर ते कुर्ला

बंगळुरू शहराच्या पूर्व भागात इंदिरानगर ही वसाहत आहे. बैठी घरे, पुढे लहानशी बाग आणि फाटकाच्या आत मोटारीपुरती जागा, असे तिचे पूर्वीचे रूप होते. आता तेथील शंभर फुटी रस्ता दुकानांनी आणि उपाहारगृहांनी गजबजला आहे. २०११ पासून तेथे मेट्रो धावते. तरीही आतल्या गल्ल्यांतून फिरताना एखाद्या जुन्या घराच्या आवारात कापडाखाली झाकलेली मोटार दिसते. कापडाचे टोक वाऱ्याने उडाले, की गोल दिवा आणि क्रोमची पट्टी क्षणभर चमकून जाते. बहुधा ती ॲम्बॅसडर असते, नाही तर प्रीमियर पद्मिनी.

इंदिरानगर आणि पद्मिनी यांना जोडणारा एक धागा आहे. या परिसराचा एक भाग आजही 'एचएएल दुसरा टप्पा' या नावाने ओळखला जातो. हे नाव जवळच्या विमान कारखान्यावरून पडले. 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' नावाचा हा कारखाना डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने सुरू करण्यात पुढाकार घेणारे उद्योजक होते सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३). जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने भारतात तयार व्हावीत, ही त्यांची आकांक्षा होती. विशाखापट्टणम येथे त्यांनी जहाजबांधणीचा पाया घातला, तर १९४४ मध्ये मुंबईत 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला.

२. तीन कारखाने, तीन मोटारी

प्रारंभी कुर्ल्यात अमेरिकन कंपनीच्या मोटारींचे सुटे भाग आणून जोडले जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५० च्या दशकात फियाट ११०० ही मोटार मुंबईच्या रस्त्यांवर दिसू लागली. तिचा आटोपशीर, गोलसर आकार पाहून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' असे नाव दिले. या नावात थट्टा होती. पण जिव्हाळाही होता. परक्या वस्तूला लोक टोपणनाव देतात, तेव्हा ती वस्तू घरची झालेली असते.

१९६४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० डिलाइट ही नवी मोटार तयार होऊ लागली. फियाटशी असलेला करार संपल्यावर काही काळ तिला 'प्रेसिडेंट' म्हटले गेले आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी' हे नाव मिळाले. नाव बदलले, तरी लोकांच्या तोंडी 'फियाट' हाच शब्द राहिला. याच काळात कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे ॲम्बॅसडर, तर चेन्नईत स्टँडर्ड हेरल्ड तयार होत असे.

एवढ्या मोठ्या देशात मोटारींचे इतके थोडे प्रकार का होते? स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपून वापरणे आवश्यक होते. केवळ सुटे भाग आणून जोडणाऱ्या कंपन्यांना येथे थारा न देता, मोटारीचे भाग देशातच घडवणाऱ्यांना परवाना द्यावा, असे धोरण १९५३ च्या सुमारास ठरले. परदेशी कंपन्यांनी आपले कारखाने बंद केले. या धोरणामुळे देशात सुटे भाग बनवणारे उद्योग वाढले, कारागीर तयार झाले. परंतु स्पर्धा उरली नाही. उत्पादन मर्यादित असल्याने नोंदणी केल्यानंतर मोटार हाती येण्यास अनेक वर्षे लागत. ग्राहकाने कारखान्याची वाट पाहावी, असा तो काळ होता.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(अ) प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना – १९४० / १९४४ / १९६४
(आ) ॲम्बॅसडर मोटार तयार होत असे – कुर्ला / चेन्नई / उत्तरपाडा येथे

३. घरातील एक माणूस

दीर्घ प्रतीक्षेनंतर आलेली मोटार वस्तू म्हणून वापरली जात नसे. ती घरातील माणसासारखी वागवली जाई. दाराशी येताच तिला हळदकुंकू लागे, नारळ फुटे आणि शेजारपाजारची मुले तिच्यातून एक फेरी मारून येत.

पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे होते. तिचा गिअरचा दांडा खाली जमिनीवर नसून सुकाणूच्या चाकाजवळ असे. त्यामुळे पुढची बैठक सलग बाकासारखी ठेवता येई. पुढे तिघे आणि मागे चौघे, शिवाय मुले मांडीवर, असे सगळे घर त्या मोटारीत सामावे. पुढील दाराच्या त्रिकोणी काचा फिरवून वारा आत घेतला जाई. वातानुकूलनाची सोय सहसा नव्हतीच.

तिला चालवणे हे एक कसबच होते. थंडीच्या सकाळी चोक ओढून इंजिन सुरू करावे लागे. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर या साध्या यांत्रिक भागात तयार होत असे. चोक ओढला, की हवा कमी आणि पेट्रोल अधिक जाई व गार इंजिन पेट घेई. तेवढ्यानेही न भागल्यास घरातील मंडळी खाली उतरून मोटार ढकलत. घाटात इंजिन तापले, तर मोटार कडेला घेऊन ते निवेपर्यंत थांबावे लागे.

या गैरसोयींची दुसरी बाजूही होती. मोटारीतील बहुतेक सर्व भाग डोळ्यांना दिसणारे आणि हाताला लागणारे होते. पाने, पक्कड आणि पेचकस एवढ्या हत्यारांवर गावोगावचा मिस्त्री ती दुरुस्त करी. अनेक मिस्त्रींनी शाळेचे तोंड फारसे पाहिलेले नसे. परंतु इंजिनाच्या आवाजावरून ते दोष ओळखत. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम करून मिळवलेली ती विद्या होती. मोटारीबरोबर ही विद्याही मागे पडत गेली, याची नोंद मात्र फारशी कोठे झाली नाही.

४. काळ बदलला

१४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० मोटारीची किल्ली ग्राहकाला देण्यात आली. जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्याने गुडगाव येथे तयार झालेली ही मोटार लहान, हलकी आणि कमी पेट्रोल पिणारी होती. सकाळी ती एका प्रयत्नात सुरू होई. ज्या कुटुंबांनी मोटारीचा विचारही केला नव्हता, त्यांच्या आवाक्यात ती आली.

१९९१ मध्ये आर्थिक उदारीकरणाचे धोरण आले आणि १९९३ मध्ये प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरील परवान्याचे बंधन उठले. परदेशी कंपन्या आल्या. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आणि प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. जुन्या आराखड्याच्या मोटारींना या निकषांत बसणे अवघड होते. याच सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. पद्मिनीला मागे टाकणारी मारुती ८०० देखील जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडून ॲम्बॅसडरचा प्रवास संपला. जी मोटार एका पिढीला नवलाची वाटली, तीच पुढच्या पिढीला जुनी वाटली.

बंगळुरूनेही स्वतःच्या मोटारी घडवल्या होत्या. १९८० च्या दशकात तेथे फायबरच्या सांगाड्याची 'डॉल्फिन' तयार झाली. २००१ मध्ये विजेवर चालणारी चिमुकली 'रेवा' रस्त्यावर आली. आज विजेवरील मोटारी सर्वत्र दिसू लागल्या आहेत. त्यांची वाट दाखवणारी रेवा मात्र क्वचितच दिसते.

५. शेवटची टॅक्सी

खाजगी मालकांकडून नाहीशी होत असतानाही पद्मिनी मुंबईत टिकून होती. १९६४ पासून फियाट टॅक्सी म्हणून धावू लागली आणि काळीपिवळी टॅक्सी म्हणजे फियाट, असे समीकरणच झाले. टपावर सामान, आत प्रवासी आणि समोर देवाची तसबीर, हे तिचे रूप अनेकांनी पाहिले आहे.

मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा ठरली. पद्मिनी जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात नोंदवली गेली होती. तिची वीस वर्षे पूर्ण झाली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून धावणे अधिकृतरीत्या थांबले.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पद्मिनीची पुढची बैठक सलग ठेवणे कशामुळे शक्य झाले?
(आ) मुंबईतील पद्मिनी टॅक्सी कोणत्या नियमामुळे बंद झाली?

६. जपावे की मोडावे?

आता पुन्हा इंदिरानगरातील त्या झाकलेल्या मोटारीकडे वळू. तिचे काय करावे, हा प्रश्न अशा घरांत कधी ना कधी उभा राहतो. पैशांपेक्षा मनाशी त्याचा संबंध अधिक असतो. ज्या माणसाने ती घेतली, तो कदाचित आज हयात नसतो. मोटार मोडीत काढणे म्हणजे त्याची आठवण मोडीत काढणे, असे घरच्यांना वाटते.

या भावनेचा आदर करूनही दुसरी बाजू पाहावी लागते. जुन्या इंजिनातून अधिक विषारी वायू बाहेर पडतात आणि त्यांची झळ रस्त्यावर चालणाऱ्या, मोटार नसलेल्या माणसालाही लागते. आजच्या मोटारींत असलेली सुरक्षिततेची साधने त्या मोटारींत नव्हती. म्हणून खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर आपोआप चालू राहत नाही. तपासणीत उत्तीर्ण झाल्यावरच ती पुढील ५ वर्षांसाठी मिळते. नियमबाह्य मोटारी मोडीत काढण्याचे धोरण २०२१ मध्ये जाहीर झाले.

त्याच वर्षी केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी वेगळे नियमही केले. मूळ रूप जपलेल्या अशा मोटारीला वारसा म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. परंतु ती नित्याच्या वापरासाठी नसते. १९७४ मध्ये 'पद्मिनी' हे नाव धारण करून बाहेर पडलेल्या पहिल्या मोटारींनी आता ही मर्यादा ओलांडली आहे.

सर्वांत वाईट गोष्ट मात्र जपणे किंवा मोडणे यांपैकी कोणतीच नव्हे. ती म्हणजे नुसते झाकून ठेवणे. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मोटारीचे रबर कडक होते, टाकीतील पेट्रोल चिकट होते, ब्रेक गंजून घट्ट बसतात, पत्रा पावसाने पोखरला जातो. झाकणे म्हणजे जपणे नव्हे. जपायची असेल, तर कोणी तरी तिला वेळ, पैसा आणि हात द्यावे लागतात. ते शक्य नसेल, तर जाणत्या संग्राहकाकडे सोपवावी. तेही न जमल्यास नियमाप्रमाणे मोडीत काढावी आणि तिचे नोंदणीपुस्तक, एखादे छायाचित्र व तिने घडवलेल्या प्रवासांच्या गोष्टी मुलाबाळांसाठी लिहून ठेवाव्यात. आठवण केवळ पत्र्यात राहत नाही. ती सांगणाऱ्याच्या शब्दांतही राहते.

शब्दार्थ

भूषण – अभिमानाची गोष्ट
आकांक्षा – मोठी इच्छा
थारा – आसरा, जागा
कसब – कौशल्य
पेचकस – पेच (स्क्रू) फिरवण्याचे हत्यार
उदारीकरण – निर्बंध सैल करण्याचे धोरण
तसबीर – चौकटीतील चित्र
वारसा – मागील पिढीकडून आलेला ठेवा

भाषाभ्यास

'गिअर', 'ब्रेक', 'टॅक्सी' हे शब्द परभाषेतून आले आणि मराठीत रुळले. त्यांना मराठी प्रत्यय लागतात : ब्रेकला, टॅक्सीने, गिअरचा. तुमच्या व्यवसायात वापरले जाणारे असे पाच शब्द शोधा आणि प्रत्ययांसह वाक्यांत वापरा.

तुम्ही काय शिकलात

• वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने बंगळुरूत विमान कारखाना आणि मुंबईत मोटार कारखाना सुरू झाला.
• परवाना धोरणामुळे देशी उद्योग वाढले. परंतु स्पर्धा व निवड मर्यादित राहिली.
• स्पर्धा, प्रदूषणाचे निकष आणि वयोमर्यादा यांमुळे जुन्या मोटारी रस्त्यावरून नाहीशा झाल्या.
• जुनी वस्तू जपणे ही भावना आहे, तशीच ती जबाबदारीही आहे.

स्वाध्याय

१. 'परक्या वस्तूला लोक टोपणनाव देतात, तेव्हा ती वस्तू घरची झालेली असते.' या विधानाचा अर्थ उदाहरणासह स्पष्ट करा.
२. १९५३ च्या सुमारास ठरलेल्या धोरणाचे लाभ आणि तोटे लिहा.
३. 'झाकणे म्हणजे जपणे नव्हे' हे वाक्य मोटारीखेरीज आणखी कोणत्या गोष्टींना लागू पडते, ते आठ-दहा ओळींत लिहा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या अनुभवी मिस्त्रीशी बोला. त्याच्या कामात झालेल्या बदलांची नोंद करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १९४४ (आ) उत्तरपाडा
२. (अ) गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाजवळ असल्यामुळे पुढची बैठक सलग ठेवता आली. (आ) टॅक्सीसाठी ठरलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ती बंद झाली.