पथिकाचा हक्क : बडोद्याच्या एका उतारशाळेचा धडा

प्रवासाला निघालेल्या माणसाच्या गरजा मोजक्याच असतात. रात्रीपुरते छप्पर, आंघोळीला पाणी, दोन वेळचे अन्न आणि सामान ठेवण्यास सुरक्षित जागा एवढे मिळाले म्हणजे परके गावही त्याला आपलेसे वाटू लागते. मोठ्या हॉटेलाचा खर्च ज्याला झेपत नाही, तो ही सोय लहान लॉजमध्ये, खाणावळीत किंवा एखाद्या कुटुंबाने चालविलेल्या उतारशाळेत शोधतो. खाली चालकाचे बिऱ्हाड, वर पाहुण्यांच्या खोल्या आणि घरच्याच चुलीवर शिजलेले जेवण, अशी या व्यवसायाची घडण आपल्याकडे फार दिवसांपासून आहे. तिच्यात घरगुती जिव्हाळा आहे, तसाच एक अवघड प्रश्नही आहे. ही वास्तू चालकाचे घर समजावयाची, की जनतेचे ठिकाण? घर असेल तर कोणाला आत घ्यावयाचे हे घरधनी ठरवील. जनतेचे ठिकाण असेल तर दाराशी आलेल्या पथिकाचाही काही हक्क मानावा लागेल.

भारतीय संविधानाने या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध शब्दांत दिले आहे. ज्यांच्या अध्यक्षतेखाली संविधानाचा मसुदा तयार झाला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा प्रश्न १९१७ साली बडोदे शहरात प्रत्यक्ष भोगावा लागला होता. म्हणून त्या प्रसंगाचा अभ्यास आजही उपयुक्त आहे.

अनेकांचे शहर

विश्वामित्रीच्या काठचे बडोदे हे कोणा एकाचे शहर कधीच नव्हते. १७३४ साली ते गायकवाडांच्या ताब्यात आले आणि १९४९ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्यांचीच राजधानी राहिले. मांडवीच्या चौकातून लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गुजराती व्यापारी, मराठी मानकरी व कारकून, बोहरी दुकानदार, मुसलमान कारागीर आणि पारशी गृहस्थ यांची नित्य वर्दळ असे. रावपुरा आणि दांडिया बाजार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या नांदली. तांबेकर वाड्याच्या भिंतींवरील चित्रांत पुराणकथांच्या शेजारी मराठे व इंग्रज यांच्या लढायाही रंगविलेल्या आहेत.

राज्यकारभारातही हेच वैविध्य दिसते. १८७४ साली दादाभाई नौरोजी येथे दिवाण होते. १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली संगीताची शाळा निघाली. १८९३ ते १९०६ या काळात अरविंद घोष संस्थानच्या सेवेत होते. मराठी साहित्य संमेलनाचा मांडव तर या नगरीत १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असा चार वेळा पडला.

महाराज सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढण्याचे काम त्याच्याही बरेच आधी सुरू झाले होते. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण आटोपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता. तो पाळण्यासाठी १९१७ च्या सप्टेंबर महिन्यात ते बडोद्यास आले. तेव्हा त्यांचे वय २६ वर्षांचे होते. अमेरिकेत तीन वर्षे आणि लंडनमध्ये एक वर्ष अध्ययन करून आलेला हा तरुण अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून रुजू होणार होता.

उतरावे कोठे?

त्या काळी प्रवाशांच्या सोयीची ठिकाणे बहुधा जातवार किंवा धर्मवार असत. कोणा शेटजीने बांधलेली धर्मशाळा त्याच्या जातभाईंसाठी, मुसाफिरखाना मुसलमानांसाठी, पारशी समाजाची उतारशाळा पारशांसाठी अशी वाटणी सर्वमान्य होती. गुजरातेत खाण्या-राहण्याची सोय करणाऱ्या हिंदू खाणावळींना 'वीशी' म्हणत. ब्रिटिश मुलखात १८६७ सालीच सराई अधिनियम झाला होता. मात्र त्याची नजर मुख्यतः नोंदणी, स्वच्छता आणि सुरक्षितता यांवर होती.

बडोद्यात उतरल्यावर काय घडले, ते आंबेडकरांनी सुमारे १९३५ च्या सुमारास इंग्रजीत लिहून ठेवले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाचे हे टिपण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडातही ते आले. पुढील हकीकत त्याच टिपणातील आहे.

हिंदू वीशीत आपल्याला घेणार नाहीत, हे आंबेडकर जाणून होते. खोटी जात सांगून शिरकाव करता आला असता, परंतु बिंग फुटल्यास काय होईल याचीही त्यांना कल्पना होती. चौकशी करता एका पारशी उतारशाळेचे नाव कळले. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, या विचाराने ते आनंदाने तेथे गेले. इमारत दुमजली होती. तळमजल्यावर एक वृद्ध पारशी गृहस्थ कुटुंबासह राहत. येणाऱ्यांची व्यवस्था पाहणे आणि त्यांना जेवण पुरविणे हे त्यांचे काम होते.

पाहुणा वरच्या मजल्यावर गेला. थोड्या वेळाने गृहस्थ नोंदवही घेऊन आले. अंगातील कोट काढलेल्या पाहुण्याजवळ पारशी धर्माची खूण असलेली सदरा-कस्ती दिसेना, तेव्हा त्यांनी तो कोण याची विचारणा केली. आपण हिंदू असल्याचे आंबेडकरांनी सांगितले. ही जागा केवळ पारशांसाठी आहे, असे उत्तर आले. पण उतारशाळा त्या वेळी रिकामी होती आणि चार पैसे मिळाले तर चालकालाही हवे होते. शेवटी तडजोड झाली. राहण्या-जेवणाचे रोजचे दीड रुपया द्यावयाचे आणि नोंदवहीत पारशी नाव लिहावयाचे.

वरच्या मजल्यावर एक लहान खोली आणि नळाची सोय असलेली न्हाणी होती. बाकीचे मोठे दालन मोडक्या खुर्च्या, बाके आणि फळ्या यांनी भरलेले होते. दिवाबत्ती नव्हती. संध्याकाळी चालक एक कंदील आणून देई, त्याचा उजेड फार दूर जात नसे. बोलावयास दुसरा माणूस नाही, अशा त्या जागेत आंबेडकरांनी पुस्तकांच्या सोबतीने दिवस काढले. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता, तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघाले असता डझनभर संतप्त पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. उतारशाळा बाटविल्याचा आरोप त्यांनी केला. आठवडाभराची मुदत मागितली, ती नाकारली गेली. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावून मंडळी निघून गेली. आंबेडकरांनी आपल्या दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला. त्यांपैकी एक हिंदू होता. आपण त्यांना घरी ठेवले तर नोकर निघून जातील, असे त्याने सांगितले. दुसरा ख्रिस्ती होता. पत्नी परगावाहून यावयाची आहे, तिचा विचार घ्यावा लागेल, असे त्याचे उत्तर आले. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. तोपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला. महाराजांनी १८७९ मध्ये प्रजेसाठी उभारलेल्या त्या बागेत प्रवेश करताना कोणी जात विचारली नाही.

प्रसंगाचा अर्थ

या हकीकतीकडे एका समाजाचा दोष म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. हिंदू वीशीचे दार आधीच बंद होते आणि ख्रिस्ती मित्राचेही उघडले नाही. परागंदा होऊन आलेल्या आपल्या पूर्वजांना गुजरातेच्या किनाऱ्यावर, संजाण येथे आश्रय मिळाला, ही आठवण पारशी समाज आदराने जपत आला आहे. पाहुणचाराचे मोल ज्यांना इतके ठाऊक, त्यांच्यातील काही मंडळीही काठ्या घेऊन आली, यावरून अस्पृश्यतेची रूढी एका धर्माच्या कुंपणात राहत नाही, आसपासच्या साऱ्या वस्तीत ती पसरते, हे दिसून येते.

दुसरी गोष्ट वृद्ध चालकाची. तो निर्दय नव्हता. त्याने कंदील दिला, जेवण दिले, गरजेपोटी का होईना पण जागा दिली. तथापि त्याची दया खोट्या नावाच्या आधारावर उभी होती, म्हणून धक्का लागताच ती कोसळली. पाहुण्याच्या बाजूने उभे राहण्यास त्याला कोणत्याही कायद्याचे बळ नव्हते. चांगला माणूस असणे एवढ्याने पथिकाला संरक्षण मिळत नाही.

तिसरी गोष्ट महाराजांची. ज्यांनी शिष्यवृत्ती दिली, शाळा काढल्या, त्यांच्याच राजधानीत त्यांच्याच अधिकाऱ्याला राहावयास खोली मिळाली नाही. राजाची इच्छा दरबारात चालते. गल्लीतील खाणावळीच्या उंबरठ्यावर ती चालावी, तर स्वतंत्र तरतूद लागते.

कायद्याची वाटचाल

या दिशेचे एक पाऊल मुंबई इलाख्यात पडले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्य वर्गास खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. महाडचा १९२७ चा सत्याग्रह याच ठरावाच्या पुढचे पाऊल होय. खाजगी उतारशाळा व हॉटेले मात्र या ठरावाच्या बाहेर राहिली.

ती उणीव संविधानाने भरून काढली. अनुच्छेद १५(२) अन्वये केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे येथे प्रवेश नाकारता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने योजला असून मोबदला घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो, असा खुलासा डॉ. आंबेडकरांनी केला. अस्पृश्यता नष्ट करणारा, आज अनुच्छेद १७ म्हणून ओळखला जाणारा मजकूरही त्याच दिवशी संमत झाला.

पुढे अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम, १९५५ अमलात आला. १९७६ पासून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे आहे. 'हॉटेल' या शब्दाची त्यातील व्याख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अल्पोपाहारगृह, राहण्या-जेवणाची खाणावळ, लॉज, कॉफीगृह आणि कॅफे ही सर्व तीत अंतर्भूत होतात. हॉटेल, धर्मशाळा, सराई किंवा मुसाफिरखान्यात लोकांसाठी ठेवलेली भांडी व वस्तू वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मनाई करणे, हाही गुन्हा आहे. त्यास एक ते सहा महिने कारावास आणि १०० ते ५०० रुपये दंड अशी शिक्षा आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करावयाचे असते.

येथे अमेरिकेचा दाखला उद्बोधक आहे. तेथील कृष्णवर्णीय प्रवाशांना हॉटेलांत जागा नाकारली जाई, म्हणून व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून त्यांच्यासाठी सुरक्षित ठिकाणांची मार्गदर्शिका काढली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरविला. परंतु मालक स्वतः राहत असलेल्या आणि भाड्याच्या खोल्या पाचांहून अधिक नसलेल्या जागेला त्यातून सूट मिळाली. 'मिसेस मर्फी' या काल्पनिक घरमालकिणीच्या नावाने ती सूट ओळखली जाते. आपल्या १९५५ च्या अधिनियमात अशी सूट लिहिलेली नाही. चार खोल्यांचे लॉज असो वा चारशे खोल्यांचे हॉटेल, दार जनतेसाठी उघडले की नियम एकच.

चालकांनी आणि प्रवाशांनी ध्यानात घ्यावे

आज घरगुती निवासाची प्रथा पुन्हा वाढीस लागली आहे. ऐतिहासिक शहरांत जुन्या वाड्यांच्या खोल्या पर्यटकांना दिल्या जातात. हा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. ओळखपत्र पाहणे आणि नोंदवही ठेवणे हे सुरक्षिततेसाठी आहे. आडनावावरून जात ताडण्यासाठी त्या नोंदीचा उपयोग करू नये. जागा शिल्लक असताना ती नाही म्हणून सांगणे, वेगळी भांडी काढून देणे, अमुक समाजासाठीच अशी पाटी लावणे या गोष्टी कायद्याला धरून नाहीत. शांतता, स्वच्छता, वेळ आणि भाडे यांविषयीचे नियम अवश्य असावेत, पण ते सर्वांना सारखे लागू असावेत आणि दर्शनी भागात लावलेले असावेत.

अस्पृश्यतेच्या कारणावरून ज्यास जागा नाकारली जाईल, त्याने जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. हा गुन्हा दखलपात्र आहे. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडूनही मार्गदर्शन मिळते.

बडोद्याची कमाटी बाग आज सयाजी बाग म्हणून ओळखली जाते. तेथील 'संकल्प भूमी'वर २३ सप्टेंबर हा संकल्प दिन पाळला जातो आणि त्या दिवशी दूरदूरचे लोक शहरात येतात. ते गावातल्या लहानमोठ्या लॉजमध्ये उतरतात आणि नोंदवहीत स्वतःचे खरे नाव लिहितात.