दुखापतीचा हिशोब

न्यू जर्सी
१२ जानेवारी २०२६

चि. मुक्तास,


तुझा मसुदा मिळाला आणि लगेच वाचून काढला. पुण्यात राहून, पहाटे उठून सामने बघत तू बेसबॉलवर मराठीत लिहायला घेतलंस याचा मला मनापासून आनंद आहे. ओतानीवरची पानं छान उतरली आहेत. पण सार्वकालिक श्रेष्ठांच्या यादीतून माइक ट्राउटला तू एका वाक्यात बाद केलंस: ‘सतत जायबंदी असणारा खेळाडू महान कसा?’ प्रश्न रास्त आहे. मात्र एका वाक्यात त्याचा निकाल लागत नाही. ट्राउट आमच्या न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा, म्हणून मामा त्याची वकिली करतोय असं समजू नकोस. दुखापतीने खेळाडूकडून काय हिरावलं आणि काय तिला हिरावता आलं नाही, हे नीट तोलायची सवय तुला आत्ताच लागावी, एवढ्यासाठी हे लांबलचक पत्र.

आधी सँडी कोफॅक्सची कारकीर्द उघडून बस. पहिल्या सहा वर्षांत त्याने ३६ सामने जिंकले आणि ४० गमावले. तिथे थांबला असता तर आज त्याचं नाव कुणी काढलं नसतं. पुढच्या सहा वर्षांत १२९ विजय आणि ४७ पराभव. १९६२ ते १९६६ सलग पाच वर्षं नॅशनल लीगमध्ये दर नऊ डावांमागे सर्वांत कमी धावा देणारा पिचर तोच. १९६५ मध्ये ३८२ बळी. साय यंग पुरस्कार तेव्हा दोन्ही लीग मिळून एकालाच देत असत. तो त्याने तीनदा मिळवला आणि तिन्ही वेळा एकमताने.

आता याच काळात त्याचा डावा हात कसा होता ते बघ. १९६४ मध्ये कोपरात संधिवात निघाला. त्यानंतर सामन्याआधी मिरचीच्या अर्काचं जळजळीत मलम चोळायचं, सामना संपला की कोपर बर्फाच्या पाण्यात बुडवून बसायचं, मधूनमधून कॉर्टिसोनची इंजेक्शनं घ्यायची, असं चालायचं. त्याच हाताने १९६५ च्या वर्ल्ड सीरिजचा सातवा, निर्णायक सामना अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर त्याने एकही धाव न देता जिंकून दिला. १९६६ मध्ये २७ सामने जिंकले आणि त्याच नोव्हेंबरात, तिसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. बेसबॉलनंतरही बरंच आयुष्य आहे आणि ते धडधाकट शरीराने जगायचं आहे, असं त्याने स्वच्छ सांगितलं. कारकिर्दीत एकूण विजय फक्त १६५. तरी १९७२ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, तो हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. इतक्या तरुणपणी तिथे दुसरं कुणी निवडून आलेलं नाही.

मतदारांनी त्याला न खेळलेल्या वर्षांचे गुण दिले नाहीत. खेळलेल्या वर्षांची उंचीच इतकी होती की लांबी कमी पडली तरी चाललं. महानतेला या दोन मापांनी जोखायचं असतं: ऐन भरात खेळाडू कुठवर पोचला, आणि तिथे किती काळ टिकला. दुखापत बहुतेक वेळा दुसरं माप तोडते. पहिल्याला हात लावायचा अधिकार तिला नाही, आणि आपल्यालाही नाही.

उलट चूकही होते, आणि ती जास्त गोड असते. मिकी मँटलच्या बाबतीत ती हमखास होते. ५ ऑक्टोबर १९५१, यँकी स्टेडियम, वर्ल्ड सीरिजचा दुसरा सामना. विली मेजने उजवीकडे उंच चेंडू मारला. राइट फील्डमधून एकोणीस वर्षांचा मँटल धावत सुटला, कारण सेंटर फील्डला उभ्या असलेल्या डिमॅजिओची टाच दुखते, आवाक्यातला प्रत्येक चेंडू तूच घे, असं व्यवस्थापकाने बजावलं होतं. अगदी शेवटच्या क्षणी डिमॅजिओने चेंडू आपला असल्याची हाक दिली. मँटलने जागच्या जागी पाय रोवला आणि बुटाचे खिळे गवतातल्या पाणी निचऱ्याच्या झाकणात अडकले. गुडघा गेला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. पुढे वर्षानुवर्षं पायांना पट्ट्या गुंडाळून तो खेळला. ५३६ होम रन, तीनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान, वर्ल्ड सीरिजमध्ये १८ होम रन, आणि हा शेवटचा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

गुडघा शाबूत असता तर मँटल मेजच्याही पुढे गेला असता, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कदाचित गेलाही असता. पण मँटलची वर्षं एकट्या गुडघ्याने खाल्ली नाहीत. दारूनेही खाल्ली, हे त्याने स्वतः शेवटच्या काळात जगजाहीर सांगितलं. ‘जर’ आणि ‘तर’ यांच्या जोरावर कारकीर्द रचायला बसलं की आपण खेळाडूचं नशीब, सवयी, चुका सगळं पुसून आपल्या मनासारखा माणूस उभा करतो. तो मैदानावर कधी उतरलेलाच नसतो.

आणि तो चेंडू मारणारा विली मेज? दोघंही त्याच वर्षी, त्याच शहरात खेळायला आले. मेजने १९५४ पासून सलग तेरा मोसमांत दर वर्षी किमान १५० सामने खेळले. मैदानावर रोज हजर असणं हेही कर्तृत्व आहे, मुक्ता. हँक आरनने एका मोसमात ४७ च्या वर होम रन कधीच मारले नाहीत, पण सलग वीस वर्षं दर वर्षी किमान वीस मारले आणि ७५५ वर जाऊन थांबला. कोफॅक्सला मोठं करायच्या भरात आरनचं मोल कमी करू नकोस.

तिसरी गोष्ट काळाची. टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपराचा अस्थिबंध १९७४ मध्ये तुटला. तोवर अशी दुखापत म्हणजे कारकीर्द संपली, असंच धरत. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली स्नायुरज्जू काढून डाव्या कोपरात ओवली. अख्खा १९७५ चा मोसम त्याने बाहेर बसून काढला. मग परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. जस्टिन व्हरलँडरने ती २०२० मध्ये करून घेतली आणि २०२२ मध्ये साय यंग पुरस्कार पटकावला. तुझ्या ओतानीच्या कोपरावर २०१८ आणि २०२३ अशी दोनदा शस्त्रक्रिया झाली. २०२४ मध्ये तो पिचिंग करू शकला नाही, तर नुसत्या बॅटिंग आणि धावण्याच्या बळावर त्याने ५४ होम रन मारले आणि ५९ बेस चोरले. एकच कोपर १९६० च्या दशकात मोडलं आणि आज मोडलं, तर निकाल वेगळा लागतो. म्हणून वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंची तुलना करताना, त्या काळी डॉक्टरांच्या हाती काय होतं, हे एका ओळीत तरी लिहीत जा.

आता ट्राउट. २०१२ ते २०१९ या आठ मोसमांत अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो तीनदा पहिला आला आणि चारदा दुसरा. एकदाच चौथा आला, २०१७ मध्ये. त्या वर्षी डोकं पुढे करून बेसवर झेप घेताना अंगठ्याचा अस्थिबंध फाटला होता आणि तो ११४ सामनेच खेळला. अशी आठ वर्षं बेसबॉलच्या इतिहासात फार थोड्यांच्या वाट्याला आली आहेत. त्यानंतर रांगच लागली. २०२१ मध्ये पोटरी, ३६ सामने. २०२२ मध्ये पाठ, ११९ सामने, तरी ४० होम रन. २०२३ मध्ये फटका मारतानाच हाताचं छोटं हाड मोडलं, ८२ सामने. २०२४ मध्ये गुडघा, २९ सामने. चार मोसमांतल्या ६४८ पैकी जेमतेम २६६ सामने. २०२५ मध्ये १३० सामने खेळून त्याने ४०० होम रनचा टप्पा ओलांडला, पण बॅटला पूर्वीची धार नव्हती.

माझं मत विचारशील तर, विली मेजच्या पंक्तीला बसायचा ट्राउटचा दावा या वर्षांनी घालवला. तिथे लांबीही लागते, आणि ती आता भरून निघणं अवघड आहे. पण सर्वकाळच्या थोर सेंटर फील्डरांमध्ये त्याची जागा पक्की आहे. ती त्याने अठ्ठाविसावं वर्ष उजाडता उजाडता कमावली होती आणि पुढच्या कुठल्याही एक्स-रेने ती रद्द होत नाही. ‘महान नाही’ आणि ‘सर्वांत महान नाही’ या दोन विधानांत फार अंतर आहे. तुझ्या त्या एका वाक्याने ते पुसून टाकलं.

म्हणून लेख पुन्हा लिही. ट्राउटच्या पहिल्या आठ मोसमांचा तक्ता वेगळा दे, नंतरच्यांचा वेगळा. सरासरी काढून दोन्ही एकत्र कालवू नकोस. गमावलेले सामने मोजून लिही, पण त्या सामन्यांत त्याने काय केलं असतं हे लिहू नकोस. प्रत्येक दुखापत कशी झाली याचा शोध घे. केन ग्रिफी ज्युनियरने १९९५ मध्ये चेंडू झेलण्यासाठी भिंतीवर झेप घेतली आणि मनगट मोडून घेतलं. ज्या बेधडक वृत्तीने तो जायबंदी झाला, तिच्याचमुळे प्रेक्षक त्याच्यावर जीव टाकत. अशा वेळी दुखापत आणि गुण वेगळे काढता येत नाहीत, आणि काढूही नयेत. आणि ‘ठिसूळ’, ‘काचेचा’ असली विशेषणं गाळून टाक. दुखत्या अंगाने रोज मैदानावर उतरायचा प्रयत्न करणाऱ्याबद्दल आपण आरामखुर्चीतून तसं लिहिणं शोभत नाही.

निकाल कठोर दे, मला चालेल. फक्त तो खेळाडूच्या कामावर दे, त्याच्या हाडांवर नको. तुझ्या हातात चांगली लेखणी आहे, म्हणूनच इतकं बोललो. सुधारलेला मसुदा पाठव, मी आकडे तपासून देईन. ताईला नमस्कार सांग, आजीला साष्टांग.

तुझा,
मामा