शेतकऱ्याचा गाडीखाना : सांगाडा व छप्पर

शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलगाडी उभी असे. आतां तिच्या जोडीस, किंवा तिच्या जागीं, ट्रॅक्टर, पॉवर टिलर, मोटारसायकल अथवा चिकूचा माल वाहणारा टेंपो उभा असतो. बैलगाडी भिजली तरी तिचें लाकूड चार पावसाळे काढी. यंत्राची गोष्ट तशी नाहीं. डहाणू, नरपड, बोर्डी, घोलवड या किनाऱ्याच्या गांवांत खारी हवा लोखंडास खाते, आणि तलासरीकडे चार महिने पाऊस कोसळतो. म्हणून घराशेजारीं गाडीसाठीं छप्पर उभारण्याकडे आपल्या भागांतील पुष्कळ शेतकऱ्यांचें लक्ष वळलें आहे. हें काम लहान दिसतें, त्यामुळें तें कारागिराच्या मर्जीवर सोडण्याची रीत पडली आहे. आमच्या या दोन तालुक्यांत तें तसें सोडूं नये, असें आम्हांस वाटतें. त्याचीं कारणें व आम्हांस योग्य वाटणारी रीत या लेखांत देत आहों.

दोन शत्रू.— नोव्हेंबर २०१८ मध्यें डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी व भोंवतालच्या पाड्यांत जमीन वारंवार हालूं लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं चारांहून किंचित् अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशींच्या पळापळींत दोन वर्षांची एक बालिका दगावली. त्या हिवाळ्यांत कित्येक कुटुंबांनीं रात्री थंडींत, घराबाहेर तंबूंत काढल्या. हा पहिला शत्रू होय. दुसरा शत्रू वारा. मे २०२१ मध्यें तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलें, तेव्हां चिकूच्या बागांबरोबर घरांच्या छपरांचेंही नुकसान झालें.

या दोहोंच्या मागण्या परस्परांविरुद्ध आहेत, हीच येथील मुख्य अडचण आहे. भूकंपांत छपरास बसणारा आडवा हिसका त्याच्या वजनाच्या प्रमाणांत असतो. म्हणून छप्पर जितकें हलकें तितकें बरें. वारा मात्र हलकें छप्पर खालून उचलून नेतो. त्यास वजन हवें असें वाटतें. एकाचा उपाय केला कीं दुसऱ्यास वाट मिळते. यांतून मार्ग एकच आहे : छप्पर हलकें घ्यावें आणि तें जमिनीशीं नखशिखान्त बांधून टाकावें. वजनाचें काम वर नको. तें पायाकडे सोंपवावें.

वजनाचा हिशेब.— उदाहरणासाठीं १२ फूट रुंद व १८ फूट लांब असा गाडीखाना घेऊं. त्याचें क्षेत्र २१६ चौरस फूट, म्हणजे सुमारें २० चौरस मीटर. मंगलोरी कौलांचें वजन दर चौरस मीटरास सुमारें ४५ किलो धरावें. म्हणजे माथ्यावर निदान ९०० किलो भार झाला, शिवाय वासे व रिपा वेगळ्या. सिमेंटचे पन्हाळी पत्रे दर मीटरास १३-१४ किलो भरतात. अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पन्हाळी पत्रा पांच किलोंच्या आसपास भरतो; त्याचें सगळें छप्पर १०० किलोंत होतें.

आतां वारा पाहूं. ताशीं १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरास सुमारें ४७ किलो असतो. चारी बाजूंनीं उघड्या छपराखालीं वारा शिरला तर एवढा जोर त्यास वर ढकलूं शकतो, असें धरून चालावें. म्हणजे पांच किलोंचा पत्रा स्वतःच्या वजनानें टिकणार नाहीं हें उघड आहे. आणि ज्या कौलांच्या वजनावर आपण विसंबतों त्यांचें वजनही वाऱ्याच्या जोराशीं जेमतेम बरोबरी करतें. वारा ताशीं १४० किलोमीटर झाला कीं हा जोर दुप्पट होतो. तेव्हां कौलें घालून वाऱ्यापासून रक्षण होत नाहीं, आणि भूकंपाचें भय मात्र वाढतें.

जड छपराचा परिणाम महाराष्ट्रानें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस पाहिला आहे. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीच्या जड धाब्यांखालीं झोंपेंत असलेलीं हजारों माणसें गाडलीं गेलीं. उलट, १२ जून १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर आसामांत लांकडी सांगाडा, बोरूच्या जातीच्या गवताचे लिंपलेले कूड व वर हलका पत्रा, अशीं घरें बांधण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या वारली बांधवांचा कारवीचा कूड याच तत्त्वाचा आहे. तो हालतो, वांकतो, प्रसंगीं लिंपण गळून पडतें. पण त्याखालीं माणूस सहसा चिरडत नाहीं.

जागेची निवड.— गाडीखाना घराच्या भिंतीस टेकवून बांधूं नये. आम्हींही आमचा पहिला गाडीखाना तसाच बांधला होता. एका बाजूचे खांब वांचतात हा त्यांतील मोह. वाशांचीं टोकें भिंतींत बसविलीं होतीं. धक्क्यांच्या दिवसांत पाहतों तों प्रत्येक वाशाच्या टोंकापाशीं भिंतीस चीर गेलेली. घर व छप्पर आपआपल्या तालानें हालतात आणि वासा भिंतीस धक्के देत राहतो, हें आमच्या तेव्हां लक्षांत आलें. तो गाडीखाना आम्हीं उतरविला. निदान एक फूट जागा सोडून स्वतःच्या पायांवर उभा राहील असाच सांगाडा करावा. नारळ, ताड किंवा वठलेलें झाड डोक्यावर येईल अशी जागा टाळावी. पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिमेकडून येतो, म्हणून छपराची उतरती कड पश्चिमेस ठेवावी. म्हणजे वारा छपरावर बसतो, खालीं शिरत नाहीं. गाडी आंत घेण्याचें तोंड उत्तरेस किंवा दक्षिणेस ठेवावें.

सांगाडा.— लांबीच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन, असे सहा खांब पुरेत. पूर्वेकडील खांब जमिनीवर साडेदहा फूट व पश्चिमेकडील आठ फूट ठेवले म्हणजे १२ फुटांत अडीच फुटांचा उतार मिळतो; पत्र्यास तो पुरेसा आहे. कौलांस याच्या दुपटीहून अधिक चढ लागतो, आणि त्यापायीं उंची, लांकूड व वजन तिन्ही वाढतात.

खांबांसाठीं तीन पदार्थ विचारांत घेण्याजोगे आहेत. पहिलें लांकूड. साग उत्तम, पण स्वतःच्या शेतांतील झाडासही १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोडीचा कायदा लागूं पडूं शकतो, म्हणून वनखात्याकडे चौकशी केल्यावांचून कुऱ्हाड लावूं नये. जुन्या घराचे निघालेले सागवानी वासे मिळाल्यास ते अवश्य घ्यावे. किनाऱ्यावर सुरूचे सोट मिळतात. ते बळकट असतात, पण जमिनींत पुरले कीं वाळवी त्यांस लवकर धरते.

दुसरा पदार्थ बांबू. २०१७ च्या दुरुस्तीनें भारतीय वन कायद्यांतील झाडाच्या व्याख्येंतून बांबू वगळला गेला, त्यामुळें स्वतःच्या बांधावरील बांबू तोडणें सुकर झालें आहे. मानवेल जातीचा भरींव, तीन वर्षांहून जून बांबू पावसाळा संपल्यावर तोडावा. कोंवळा बांबू गोड असतो व भुंगा त्यास पोखरतो. तोडल्यावर तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून सांवलींत वाळवावा, किंवा बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यांत मुरवावा. हें औषध पावसानें धुपून जातें. म्हणून असा बांबू छपराखालीं वासे व पट्ट्या म्हणून वापरावा, उघड्यावर नव्हे.

तिसरा पदार्थ लोखंडी नळी. अडीच ते तीन इंची जस्ताची नळी तलासरीकडे निर्धास्त वापरावी. किनाऱ्यालगत मात्र ती आंतून गंजते व बाहेरून ठणठणीत दिसते. म्हणून वरचें तोंड टोपी बसवून बंद करावें आणि वेल्डिंगच्या जागा, जेथें जस्त जळून जातें, तेथें जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावे.

पदार्थ कोणताही असो, खांब व तुळई यांच्या प्रत्येक कोपऱ्यांत दोन-अडीच फूट लांबीचा तिरपा टेका दोन्ही दिशांस द्यावा. चौकट चार खिळ्यांवर उभी केली तर ती हिसक्यासरशी पत्त्याच्या घराप्रमाणें कलते. तिरपा टेका दिला कीं तिचा त्रिकोण होतो, आणि त्रिकोणास कलतां येत नाहीं. सांध्यांस खिळ्यांऐवजीं नटबोल्ट व लोखंडी पट्टी वापरावी. सुंभ व काथ्या तात्पुरत्या मांडवास ठीक. दोन पावसाळ्यांत ते कुजतात.

पाया.— वर वांचविलेलें वजन येथें घालावयाचें आहे. कोपऱ्याच्या चार खांबांखालीं दीड फूट चौरस व अडीच फूट खोल खड्डा काँक्रिटनें भरला तर प्रत्येकाचें वजन सुमारें ३८० किलो होतें. मधल्या दोन खांबांवर कोपऱ्याच्या दुप्पट छप्पर येतें, म्हणून त्यांचे खड्डे दोन फूट चौरस करावे. प्रत्येकीं सुमारें ६८० किलो वजन मिळतें. ताशीं १४० किलोमीटरांचा वारा मधल्या खांबास सुमारें ४७० किलोंनीं व कोपऱ्याच्या खांबास २३५ किलोंनीं उचलूं पाहील. तेव्हां हे पाये पुरतात. बहुतेक ठिकाणीं हे खड्डे सारखे व उथळ खणले जातात; ही चूक करूं नये. लांकडी खांब काँक्रिटांत पुरूं नये. जमिनीपासून नऊ इंच उंच चौथरा करून त्यांत रोंवलेल्या लोखंडी पट्ट्यांमध्यें तो बोल्टानें आंवळावा. म्हणजे वाळवी व पाणी दोन्ही दूर राहतात.

छप्पर.— वरील हिशेबावरून पत्रा हाच आम्हांस योग्य वाटतो. किनाऱ्यापासून आंत जस्ताचा किंवा रंगीत पत्रा चालेल. समुद्राजवळ ॲल्युमिनियमचा पत्रा अधिक टिकतो. तो लोखंडी पत्र्याहूनही पुष्कळ हलका, म्हणून त्यास बंध अधिक लागतात. लोखंडाशीं त्याचा थेट स्पर्श होऊं देऊं नये, मध्यें रबर घालावें. सिमेंटचे पत्रे ठिसूळ असतात. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असल्यास ते कापतांना उडणारी धूळ फुप्फुसांस घातक आहे. पत्रा तापतो ही तक्रार खरी आहे. त्यावर गवताचा पातळ थर घालण्यापेक्षां खालून कारवीची किंवा बांबूची तट्टी बांधावी.

पत्र्याखालील आडव्या पट्ट्यांत तीन ते साडेतीन फुटांहून अधिक अंतर नको. आंकडे-बोल्ट पन्हाळीच्या उंचवट्यावर, वायसर घालून बसवावे. खोलगटांत भोंक पाडलें तर तेथून गळती ठरलेलीच. कडांस वाऱ्याची ओढ सर्वांत अधिक असते, म्हणून तेथें बोल्ट दाट घालावे आणि पत्रा एक फुटाहून अधिक बाहेर काढूं नये. बाजूंस आडोसा हवा असेल तर विटांची अर्धी भिंत उचलूं नये. पश्चिमेस कारवीचा कूड पुरे.

परवानगी व खर्च.— केंद्र सरकारच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला आहे. म्हणून पक्कें काम करण्यापूर्वीं ग्रामपंचायतींत व तहसील कचेरींत विचारणा करावी. पैसा कमी पडल्यास तो पत्र्याच्या रंगांत, खालच्या फरशींत किंवा लांबींत वांचवावा. पाया, तिरपे टेके व बोल्ट यांत काटकसर करूं नये; सगळ्या खर्चांत त्यांचा वाटा लहान असतो, आणि छप्पर राहणें न राहणें त्यांवरच अवलंबून असतें.

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. धक्का बसला कीं घरांतील म्हातारीं माणसें व मुलें पहिल्यानें अंगणांत धांवतात, आणि पाऊस असेल तर गाडीच्या छपराखालीं जाऊन उभीं राहतात. धक्के चालू राहिले तर तेथेंच घोंगडी अंथरली जाते. म्हणून आपण गाडीसाठीं बांधतों तें छप्पर वेळेस माणसांसाठीं असतें, हें धरूनच तें बांधावें. ज्यांचा गाडीखाना अगोदरच उभा आहे त्यांनीं या वैशाखांत, पहिल्या पावसापूर्वीं, प्रत्येक खांब दोन्ही हातांनीं धरून हालवून पाहावा, सैल बोल्ट आंवळावे, गंजलेले बदलावे, आणि घराच्या भिंतींत गेलेले वासे असतील तर ते कापून त्यांस स्वतंत्र खांब द्यावे. हें काम सामान हाताशीं असल्यास दोन दिवसांचें आहे.