पांढरं धोतर निळं दिसत असेल तर

माझं आयुष्य एक्स-रे वाचण्यात गेलं. राखाडीच्या छटा कशा दिसतात हे मला कोणी शिकवायला येईल असं वाटलं नव्हतं. पण टीव्हीच्या दुकानाने एक पोरगा पाठवला आणि त्याने ते काम मनावर घेतलं.

टीव्ही ओएलईडी, पासष्ट इंची. २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या दिवशी, मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा सगळ्या नागपूरसारखे आम्हीही दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. सीताबर्डीला जाणाऱ्याला अशी दुकानं दिसतातच. बिलात न दाखवता ‘पिक्चर ट्यूनिंग’चे म्हणून रोख पैसे घेतले, ते मात्र लिहायलाच हवं. ट्यूनिंग म्हणजे काय, तर या पोराने सोफ्यावर बसून रिमोट दाबला, ‘व्हिव्हिड’ निवडलं आणि चहा घेतला.

रात्री आम्ही प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला. १९३६चा सिनेमा, विष्णुपंत पागनिसांचा. कृष्णधवल चित्रपटात टीव्हीला लपायला जागा नसते, कारण त्यात रंगच नसतो. जो रंग दिसेल तो टीव्हीने घातलेला. बायको म्हणाली, “यांच्या धोतराला नीळ जास्त झाली का हो?” मी उठून पडद्याजवळ गेलो. धोतर निळं, भिंत निळी, केसांच्या कडेला पांढरी रेघ आणि गालावर एकही सुरकुती नाही, सगळा चेहरा गुळगुळीत. एक्स-रे फिल्मचा बेस डोळ्यांना सोयीचा म्हणून मुद्दाम निळसर करतात. तो निळा मी झोपेतही ओळखेन. तो तुकोबांच्या अंगावर पाहण्यासाठी मी एवढे पैसे मोजले नव्हते.

तक्रार केल्यावर तो पोरगा दुसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याच्यासमोर रंगछटा ‘वॉर्म’वर नेली. “पिवळं दिसून राहिलं काकाजी,” असं म्हणत त्याने रिमोट माझ्या हातातून घेतला. माझ्याच घरात! वर म्हणाला, “सेटिंगले हात लावाल तर वॉरंटी जाते.” मालकांना फोन केला तर, “डॉक्टरसाहेब, आता पॅनलच तसे येतात. बाकी कोणाची तक्रार नाही.” बाकीच्यांची तक्रार नाही, कारण बाकीच्यांना हाच रंग खरा म्हणून विकला आहे. मेनूतलं सेटिंग बदलल्याने कुठलीही वॉरंटी जात नाही. ते बदलण्यासाठीच दिलेलं असतं, आणि बिनसलं तर सगळं मूळ जागी आणणारं ‘रीसेट’ही तिथेच असतं.

तर ज्यांच्या घरी नवा टीव्ही आला आहे त्यांच्यासाठी. ‘व्हिव्हिड’ हे दुकानासाठी असतं. झगझगीत दिव्यांखाली, शेजारच्या दहा टीव्हींशी स्पर्धा करत, गिऱ्हाईक थांबावं म्हणून. घरात ‘फिल्ममेकर मोड’ निवडा. तो नसेल तर ‘सिनेमा’. हा फिल्ममेकर मोड २०१९मध्ये आला, आणि त्यामागे स्कॉर्सेसी, नोलन यांच्यासारखे दिग्दर्शक उभे राहिले होते. सिनेमाचा पांढरा ६५०० केल्विनचा ठरलेला आहे आणि ‘वॉर्म’ त्याच्या जवळ जातो. सुरुवातीला पिवळट वाटेल. दुकानातल्या निळ्याला सरावलेल्या डोळ्यांना वेळ द्या, मग ‘व्हिव्हिड’ परत लावून पाहा. पाहवणार नाही.

मग गुळगुळीतपणा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही त्यांच्यामधली चित्रं स्वतःच्या मनाने तयार करून भरतो, म्हणून ‘झुंड’सारखा आपल्या नागपुरात चित्रित झालेला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. एलजीवर याचं नाव ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’, सॅमसंगवर ‘पिक्चर क्लॅरिटी’. एक नाव ठेवलं असतं तर बंद करणं सोपं झालं असतं, पण ते कोणाला हवं आहे? टॉम क्रूझने डिसेंबर २०१८मध्ये खास व्हिडिओ काढून हे बंद करा म्हणून लोकांना विनवलं होतं. क्रिकेटला थोडं चालतं. सिनेमाला नाही.

‘शार्पनेस’ खाली आणा. अक्षरांभोवतीची पांढरी रेघ गेली की थांबा, कारण काही टीव्हींत शून्य योग्य असतो, काहींत मधला आकडा. चेहरे मेणाचे दिसत असतील तर ‘नॉइज रिडक्शन’ही बंद करा, जुन्या सिनेमाचा दाणा तेच पुसून टाकतं. उजेड हवा असेल तर ‘ब्राइटनेस’ वाढवण्याआधी ते बटण नेमकं काय करतं ते पाहा. अनेक टीव्हींत त्याने काळा रंग राखाडी होतो; खरा उजेड ‘बॅकलाइट’ किंवा ‘पिक्सेल ब्राइटनेस’मध्ये असतो. रात्री चित्र आपोआप मंद होत असेल तर ‘इको’ किंवा ‘पॉवर सेव्हिंग’ शोधा. आमच्या हॉलला पश्चिमेची खिडकी आहे आणि मे महिन्यात ऊन थेट पडद्यावर येतं, तेव्हा दुपारसाठी वेगळा, उजळ मोड ठेवला आहे. जाड पडदा त्याहून बरा.

एचडीआरचं, म्हणजे जास्त उजळ-गडद छटांच्या चित्राचं, खातं वेगळं असतं. साध्या चॅनलवर केलेली मेहनत तिथे लागू होत नाही. एचडीआर चित्रपट चालू असतानाच पुन्हा मेनूत जावं लागतं. सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटचंही बहुधा तेच. हे कोणी सांगत नाही, आणि मग माणूस समजतो की टीव्ही बिघडला.

ओएलईडी असेल तर बघून झाल्याबरोबर भिंतीवरचं बटण बंद करायची आपली सवय सोडा. टीव्ही रिमोटने बंद केल्यावर पॅनलची देखभाल स्वतः करतो, त्याला वीज लागते. कडाडत्या विजांचे दिवस वेगळे, तेव्हा प्लग काढाच. बाकी मॅन्युअल वाचावं, घाई करू नये, वगैरे तुम्हाला ठाऊक आहे.

आणि ट्यूनिंगचे पैसे मागितले तर एकच प्रश्न विचारा: “मोजायला मीटर आणलं आहे का?” खरं कॅलिब्रेशन पडद्यावर मीटर लावून, आकडे बघून करतात. दवाखान्यातल्या आमच्या मॉनिटरचंही तसंच करत. रिमोट हातात घेऊन “मस्त दिसून राहिलं” म्हणणं म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. मीटर नसेल तर पैसे देऊ नका. दिलेच तर पावती घ्या, आणि दुकानदार पावती देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.